नान्नजचा माळ: नकाशावरचं अभयारण्य आणि शेतात राहणारा पक्षी

१९७९ साली महाराष्ट्र शासनाने सोलापूर आणि अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यांतला ८,४९६ चौरस किलोमीटर प्रदेश माळढोक अभयारण्य म्हणून जाहीर केला. अख्खं गोवा राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचं आहे. दोन गोवे मावूनही जागा उरेल एवढा हा पसारा होता. २०१२ मध्ये तो छाटून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणला गेला. आणि ज्या पक्ष्यासाठी हे सगळं झालं, तो सोलापूरच्या माळावर अलीकडच्या वर्षांत दिसलाच तर एखादी एकटी मादी, एवढाच उरला आहे.

या घटनांची सांगड लोक साधारणपणे दोन रीतींनी घालतात. निसर्गप्रेमींच्या बैठकीत बसलात तर ऐकायला मिळतं की अभयारण्य छाटलं, तिथेच माळढोकाचा घात झाला. करमाळ्याच्या किंवा मोहोळच्या पारावर बसलात तर ऐकाल की एवढ्या मोठ्या मुलखावर बंधनं लादली, लोक चिडले, मग पक्षी कसा टिकणार. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही बाजू आकाराबद्दलच बोलतात. या अभयारण्यातल्या, सोलापूरजवळच्या नान्नजचं प्रकरण नीट पाहिलं तर मला दुसरीच गोष्ट मुळाशी दिसते. हा पक्षी ज्या जमिनीवर जगत होता तिचा मोठा भाग शेतकऱ्याच्या मालकीचा होता. ती जमीन कोरडवाहू ठेवण्यासाठी लागणारं एकही कारण सरकारने त्या शेतकऱ्याला कधी दिलं नाही. हद्द मोठी असताना दिलं नाही आणि लहान केल्यावरही दिलं नाही.

दुष्काळी कामातून उगवलेलं कुरण

नान्नज सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला, शहरापासून वीस-बावीस किलोमीटरवर. पाऊस वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर, तोही भरवशाचा नाही. जमीन उथळ, खाली मुरूम. आजूबाजूला मार्डी, कारंबा, अकोलेकाटी, आणि जिल्ह्याची हद्द ओलांडली की धाराशिवमधलं गंगेवाडी. हा सगळा मिळून माळढोकाचा पट्टा.

१९७२ च्या दुष्काळाने सोलापूर जिल्हा पार होरपळला. त्यानंतर केंद्राचा अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रम आला आणि त्यातून वनखात्याने नान्नज परिसरातल्या पडीक माळांवर कुरण विकासाचे प्लॉट तयार केले. भोवती चर खोदले, बांध घातले, चराई थांबवली. हेतू होता माती अडवण्याचा आणि चारा वाढवण्याचा. मुळं जिवंतच होती, त्यामुळे काही पावसाळ्यांत कुसळी, पवन्या, मारवेल या गवतांनी माळ भरला. सोलापूरचे पक्षीनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला या भागातल्या माळढोकांकडे लक्ष वेधलं होतं. राखलेल्या प्लॉटवर हे पक्षी विणीसाठी येऊ लागले आणि नान्नजचं नाव देशभरातल्या पक्षी अभ्यासकांच्या तोंडी झालं. १९८१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. असद रहमानी यांच्या नेतृत्वाखाली माळढोकाचा दीर्घ अभ्यास सुरू केला, तेव्हा नान्नज हे त्यातलं एक प्रमुख केंद्र होतं.

हे प्लॉट किती मोठे होते, हे इथेच सांगायला हवं. सगळे मिळून काही शे हेक्टर, तेही तुकड्यातुकड्यांत, मध्ये शेतं. म्हणजे खरोखर राखलेली जमीन हेक्टरांत मोजण्याएवढी होती आणि जाहीर झालेलं अभयारण्य साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं. या दोन आकड्यांमधलं जे अंतर आहे, त्यातच पुढचं सगळं घडलं.

पक्ष्याची गरज काय असते

माळढोक उडणाऱ्या पक्ष्यांतला सर्वांत वजनदारांपैकी एक. नर उभा राहिला की मीटरभर उंच, वजन पंधरा किलोपर्यंत. पावसाळा सुरू झाला की नर ठरावीक उंचवट्यावर येतो, वर्षानुवर्षं त्याच उंचवट्यावर. शेपूट पाठीवर उलटी टाकतो, गळ्याची पिशवी फुगवून ती जवळजवळ जमिनीपर्यंत लोंबवतो आणि खोल, घुमणारा हुंकार देतो. तो आवाज शांत सकाळी अर्ध्या किलोमीटरवर ऐकू येतो. मादी बघते, निवडते, निघून जाते. पुढचं सगळं तिचं एकटीचं.

ती घरटं बांधत नाही. गवतात नाहीतर शेताच्या कडेला उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते. मातकट हिरवट रंगाचं, तपकिरी डागांचं, दोन पावलांवर असलं तरी डोळ्यांना सापडू नये असं. चार आठवड्यांच्या आसपास ती त्यावर बसते. या काळात मेंढरांचं खांड जवळून गेलं, कुत्रं भुंकत आलं किंवा हौशी छायाचित्रकार गाडीतून उतरला, तर ती उठते. ती उठली की त्या रंगाचा काही उपयोग नाही, कारण कावळा वरून बघत असतो. अंडं गेलं तर बहुधा ते वर्षच गेलं.

मला वाटतं या एका अंड्याच्या हिशेबाकडे धोरण आखणाऱ्यांनी पुरेसं लक्ष दिलं नाही. माळढोक बराच जगतो, दहा-पंधरा वर्षं तरी. त्यामुळे पिल्लं वाचायची थांबली तरी मोठे पक्षी पुढची कित्येक वर्षं दिसत राहतात. दरवर्षीच्या गणनेत आकडा बरा येतो, अहवालात समाधान व्यक्त होतं, आणि एके दिवशी म्हातारे पक्षी एकापाठोपाठ एक संपतात. नान्नजला २००० च्या दशकातही वीस-पंचवीस पक्ष्यांची नोंद होत होती. त्याच्या पुढच्या दशकात ती एक आकडी झाली. घसरण तेव्हा सुरू झाली नव्हती, फक्त तेव्हा डोळ्यांना दिसली.

आणि हा पक्षी खातो काय? टोळ, नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरं, भुईमुगाच्या शेंगा, कोवळे दाणे. म्हणजे तो जितका गवताचा, तितकाच कोरडवाहू शेताचा पक्षी. विणीला प्लॉटवरचं राखलेलं गवत, आणि पोटाला भोवतालची ज्वारी, करडई, तूर, भुईमूग. पावसाळा सरला की हे पक्षी पांगायचे आणि दूरवरच्या शेतांत, माळांत वर्षाचा उरलेला काळ काढायचे. १९७९ मध्ये एवढी मोठी हद्द आखणाऱ्यांच्या मनात बहुधा हेच होतं. पक्षी लांबवर फिरतो, तर संरक्षणही लांबवर हवं. विचार चुकीचा नव्हता, त्यासाठी वापरलेलं हत्यार चुकीचं होतं.

सातबाऱ्यावर आलेलं अभयारण्य

सोलापुरातले उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि नगरमधले कर्जत, श्रीगोंदा, नेवासा या तालुक्यांचा बहुतेक मुलूख या हद्दीत आला. त्यात गावं आली, बाजारपेठा आल्या, रस्ते आणि रेल्वे आली, साखर कारखाने आले. वनखात्याच्या ताब्यातली जमीन या पसाऱ्यात फार थोडी आणि विखुरलेली. बाकी सगळी खासगी शेती, गायरानं आणि इतर सरकारी जमिनी.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यातलं अभयारण्य हे मुळात सरकारी जंगलाला समोर ठेवून घडवलेलं आहे. घोषणा झाली की जिल्हाधिकाऱ्याने त्या जमिनीतल्या लोकांच्या हक्कांची चौकशी करायची, ते मान्य करायचे किंवा मोबदला देऊन काढून घ्यायचे. तोवर त्या जमिनीवर वारसाहक्काशिवाय नवा हक्क निर्माण होऊ शकत नाही. शंभर-दोनशे पाड्यांच्या जंगलात ही चौकशी अवघड असते, पण होऊ शकते. सात तालुक्यांतल्या लाखो खातेदारांची ती कधी व्हायची?

पहिली काही वर्षं कुणाला फारसं जाणवलं नाही, कारण घोषणा कागदावर होती आणि व्यवहार चालू होते. १९९० च्या दशकात न्यायालयांनी वन आणि वन्यजीव कायद्यांची अंमलबजावणी कडक करायला लावली आणि मग ती घोषणा प्रत्येकाच्या दारात येऊन उभी राहिली. ज्याला मुलीच्या लग्नासाठी दोन एकर विकायचे होते, त्याच्या खरेदीखताला हरकत आली. ज्याला बिगरशेती परवानगी हवी होती, दगडखाण किंवा छोटा कारखाना काढायचा होता, त्याला सांगितलं गेलं की तुमची जमीन अभयारण्यात आहे. त्याच्या गावात माळढोक कुणी पाहिलेला नसे. आजोबांच्या काळी होता असं फार तर एखादा सांगे.

या लोकांचा राग मला पूर्णपणे रास्त वाटतो. त्यांच्या जमिनीची किंमत कमी झाली, व्यवहार अडले, आणि बदल्यात त्यांना काय मिळालं? मोबदला नाही, अनुदान नाही, साधं विश्वासात घेणंही नाही. अशा परिस्थितीत एखाद्या पक्ष्याबद्दल ममत्व कसं टिकावं? माळढोक शेतात उतरला की आपली जमीन अडकते, असं ज्या शेतकऱ्याच्या मनात बसलं, त्याच्या शेतात त्या मादीने अंडं घातलं तर ते राखलं जाईल याची हमी कोण देणार?

उजनी, ऊस आणि द्राक्षं

आता दुसरी बाजू, जिच्याबद्दल या प्रकरणात सर्वांत कमी बोललं जातं.

भीमेवरचं उजनी धरण पूर्ण झालं १९८० मध्ये. अभयारण्याच्या घोषणेनंतर अवघ्या वर्षभराने. धरण माढा तालुक्यात, त्याचा फुगवटा करमाळ्याच्या हद्दीपर्यंत पोचलेला, कालवे मोहोळकडे गेलेले. म्हणजे ज्या तालुक्यांत वनखात्याने कोरड्या माळावरच्या पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर केलं, त्याच तालुक्यांत पाटबंधारे खातं बारमाही पाणी आणत होतं. दोन्ही निर्णय एकाच सरकारचे. पाणी आल्यावर शेतकऱ्याने ज्वारी मोडून ऊस लावला, त्यात त्याचं काय चुकलं? सोलापूर जिल्हा पुढे राज्यात साखर कारखान्यांच्या संख्येत अग्रेसर झाला.

नान्नज गाव कालव्यावर नाही, पण तिथेही तेच घडलं, विहिरी आणि बोअरच्या पाण्यावर. द्राक्षाची ‘सोनाका’ ही प्रसिद्ध जात नान्नजचीच, तिथल्या नानासाहेब काळे यांनी निवडून विकसित केलेली. महाराष्ट्राच्या द्राक्षशेतीत या गावाचं नाव आदराने घेतलं जातं आणि ते घेतलंच पाहिजे. दुष्काळी मुलखात कष्टाने आणि अभ्यासाने उभं केलेलं हे वैभव आहे. एकाच गावाने देशाला माळढोकाचं रान दाखवलं आणि सोनाका द्राक्ष दिलं, हे मला फार मोलाचं वाटतं. पण जागा तीच होती. द्राक्षाच्या मांडवात, तारांच्या जाळीत आणि फवारणीच्या रानात माळढोक उतरू शकत नाही. डोक्याएवढ्या उसात तर तो चार पावलंही टाकणार नाही, कारण त्याचा सगळा बचाव लांबवर बघण्यावर असतो.

ज्वारीचं रान माळढोकाला का चालायचं, हे त्यावरून कळतं. रब्बीची ज्वारी काढली की रान मोकळं होतं, धसकटात किडे असतात, नजर दूर जाते, आणि वर्षाचे कितीतरी महिने तिथे माणसाची वर्दळ नसते. बागायतीत वर्षभर कुणी ना कुणी असतं. पंपाला वीज लागते, म्हणजे खांब आणि तारा येतात. वस्त्या शेतात जातात, त्यांच्यासोबत कुत्री जातात. फवारणीने नाकतोडे संपतात. यातली एकही गोष्ट अभयारण्याच्या कायद्याने रोखलेली नव्हती, आणि रोखता येण्यासारखीही नव्हती. त्या कायद्याने जमिनीची विक्री अडवली, पीकबदल अडवला नाही. पक्ष्याला विक्रीने काहीच फरक पडत नव्हता, पीकबदलाने सगळा फरक पडत होता.

प्लॉटच्या आत

राखलेल्या प्लॉटमध्ये तरी सगळं ठीक होतं का? तिथेही एक जुना गैरसमज नडला. आपल्याकडे गवताळ माळाची सरकारी नोंद ‘पडीक’ म्हणून होते आणि पडीक म्हटलं की तिथे झाडं लावायची, हे ठरलेलं. नान्नज परिसरातल्या कुरणांतही ग्लिरिसिडियासारखी झाडं लावली गेली. झाडी वाढली की माळढोकाची नजर अडते आणि शिकाऱ्याला आडोसा मिळतो. पुढे वनखात्यानेच ती झाडं काढायला सुरुवात केली, ते योग्यच झालं. कर्नाटकातल्या राणीबेन्नूरला हीच गोष्ट निलगिरीच्या लागवडीने केली आणि तिथून माळढोक गेला.

चराई बंद केल्याचा परिणाम मात्र दुहेरी झाला. सुरुवातीला गवत वाढलं, पक्षी आले. पण वर्षानुवर्षं अजिबात न चरलेलं गवत जून, दाट होतं आणि मादीला त्यातून चालता येत नाही. माळ हा चरण्यानेच माळ राहतो. धनगरांची मेंढरं या मुलखात कित्येक पिढ्या फिरत आली आहेत, आणि माळढोकही त्यांच्याबरोबर कित्येक पिढ्या टिकला. प्रश्न चराई किती, कधी आणि कुठे हा होता. विणीचे चार महिने पूर्ण बंदी, नंतर पाळीपाळीने मोकळीक, असं काही मेंढपाळांशी बसून ठरवता आलं असतं. बंदीचा फलक लावणं खात्याला जास्त सोयीचं वाटलं असावं.

मग काळवीट. संरक्षणाचा सर्वांत जास्त फायदा झाला तो त्यांना. त्यांचे कळप वाढले आणि रात्रीतून उभं पीक फस्त होऊ लागलं. कर्जत तालुक्यातच रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे, १९८० सालचं, जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं. तिथे काळवीट चांगला टिकला, कारण त्याला लहान राखीव जागा आणि भोवतालची शेतं पुरतात. पण शेतकऱ्याच्या दृष्टीने काळवीट काय, माळढोक काय, दोन्ही सरकारचेच. पिकाचं नुकसान एकाने केलं आणि राग दुसऱ्यावर निघाला.

विजेच्या तारांबद्दल वेगळं लिहायला हवं. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. उडताना त्याला समोरचं नीट दिसत नाही आणि जड शरीर ऐनवेळी वळवता येत नाही. थरच्या वाळवंटात भारतीय वन्यजीव संस्थेने केलेल्या अभ्यासातून दरवर्षी सुमारे १८ माळढोक तारांना धडकून मरतात असा अंदाज निघाला. तिथली एकूण संख्या तेव्हा सव्वाशेच्या आसपास होती. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला आणि मार्च २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञ समिती नेमली. हा सगळा खल राजस्थान आणि गुजरातच्या पट्ट्यासाठी झाला. सोलापूरच्या माळावरच्या तारा त्यात आल्याच नाहीत.

हद्द कमी झाली, पुढे काय झालं

लोकांचा रेटा वाढत गेला, समित्या नेमल्या गेल्या. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने आपल्या परवानगीशिवाय कुठलंही अभयारण्य वगळू नये असा आदेश दिल्यामुळे हा विषय थेट दिल्लीपर्यंत गेला. शेवटी २०१२ मध्ये क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. सव्वासात हजार चौरस किलोमीटरमधली माणसं मोकळी झाली. हा निर्णय बरोबर होता. जिथे पक्षी नाही आणि पुन्हा येण्याची शक्यताही नाही, तिथे माणसांना अडकवून ठेवण्यात काहीच अर्थ नव्हता.

पण हद्द कमी करताना एक मोठी संधी होती, ती हातची गेली. क्षेत्र सातपटीने कमी झाल्यावर उरलेल्या भागात सातपट लक्ष देता आलं असतं. प्लॉट जोडणाऱ्या शेतांचे मालक कोण, कोण अजून ज्वारी-करडई घेतो, कुणाच्या बांधावरून तार जाते, कुठल्या उंचवट्यावर नर येतो, याची गावनिहाय यादी करून त्या मोजक्या शेतकऱ्यांशी करार करता आले असते. तसं मोठ्या प्रमाणावर झालं नाही. नकाशा दुरुस्त झाला आणि विषय संपल्यासारखा झाला.

आकाराच्या वादात अडकलेल्यांनी माळढोकाची इतर अभयारण्यं पाहावीत. मध्य प्रदेशातलं करेरा २०२ चौरस किलोमीटरचं होतं. १९८१ मध्ये झालं, सुरुवातीला पक्षी वाढले, मग जमीनविक्रीवरची बंदी आणि काळविटांचा उपद्रव यांनी लोक विटले, आणि नव्वदच्या दशकात माळढोक तिथून नाहीसा झाला. नान्नजच्या आधी घडलेली नान्नजची गोष्ट. कच्छमधलं लाला अभयारण्य अवघं दोन चौरस किलोमीटरचं. तिथल्या परिसरात मोजक्या माद्या उरल्या आणि वर्षानुवर्षं नर नाही. आंध्र प्रदेशातलं रोल्लापाडू सहा चौरस किलोमीटरचं, तिथेही पक्षी जवळजवळ संपला. दोन, सहा, दोनशे, साडेआठ हजार. आकार कुठलाही घ्या, भोवतालच्या शेतीचं रूप पालटलं तिथे निकाल एकच लागला. १९६९ मध्ये देशभरात अंदाजे १,२६० माळढोक होते. आज रानात दीडशेच्या आसपास, तेही बहुतेक जैसलमेरकडे.

माळ अजून आहे

माळढोक दिसत नाही म्हणून नान्नजला जाणं लोकांनी कमी केलं, याचं मला वाईट वाटतं. हिवाळ्यात तिथल्या मनोऱ्यावर उभं राहिलं की पहाटेच्या धुक्यातून काळविटांचा कळप आधी दिसतो, मग गवताच्या टोकांना घासून उडणारे भोवत्ये. मध्य आशियातून आलेले हे शिकारी पक्षी टोळ टिपत अख्खा हिवाळा इथे काढतात. खोकड आहे, चंडोलांच्या जाती आहेत, आणि लांडगा आहे. नान्नजचे लांडगे तर देशातल्या अभ्यासकांना चांगले ठाऊक आहेत. शेळ्यामेंढ्या मारतो म्हणून लांडग्याला माळावर जागा मिळणं अवघड, तरी तो अजून टिकून आहे. एका पक्ष्याच्या नावाने राखलेल्या या गवताने इतक्यांना आसरा दिला आहे, की माळढोक गेला तर अभयारण्यही गेलं, असं म्हणणं या बाकीच्यांवर अन्यायाचं होईल.

आणि माळढोक कायमचा गेला असंही नाही. जैसलमेरजवळ सम इथे २०१९ पासून अंडी गोळा करून पिल्लं वाढवण्याचं काम चालू आहे, पुढे रामदेवऱ्यालाही केंद्र झालं. तिथल्या पक्ष्यांची संख्या आता पन्नासच्या वर गेली आहे आणि २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पिल्लूही जन्मलं. कधीतरी हे पक्षी रानात सोडायची वेळ येईल. तेव्हा जुनी ठिकाणं तपासली जातील. सोलापूरला पक्षी सोडायचे तर तिथे काय काय लागेल, हे आजच ठाऊक आहे. प्लॉटना जोडणारी सलग मोकळी रानं, जमिनीखाली गेलेल्या तारा, आटोक्यात ठेवलेली कुत्री, आणि पक्षी शेतात उतरल्यावर आनंद होणारा शेतकरी.

यातला शेवटचा मुद्दा पैशाचा आहे, आणि त्याचं उत्तर महाराष्ट्र सरकारकडे तयार आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतकऱ्याची जमीन सौर पॅनेलसाठी भाड्याने घेताना हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये दिले जातात, आणि त्यात दरवर्षी वाढही असते. म्हणजे खासगी शेतजमीन एका सार्वजनिक कामासाठी वर्षानुवर्षं भाड्याने घ्यायची, मालकी शेतकऱ्याकडेच ठेवायची, विक्रीला आडकाठी करायची नाही, हे सगळं सरकार आजच करतं. तीच पद्धत नान्नज, मार्डी, कारंबा, गंगेवाडीच्या निवडक रानांना लावता येईल. इथे तर जमीन पॅनेलखाली झाकलीही जाणार नाही. शेतकरी ज्वारी, करडई, मटकी घेत राहील आणि त्याचं उत्पन्न त्याचंच असेल. द्यायचा आहे तो बागायत न करण्याचा, तार न ओढण्याचा आणि विणीच्या महिन्यांत कोपऱ्यातलं गवत न कापण्याचा मोबदला.

पूर्ण दराने धरलं तरी एक हजार हेक्टरला वर्षाला साडेबारा कोटी होतात. पीक शेतकऱ्याचंच राहणार असल्याने प्रत्यक्षात दर निम्म्याहून कमी ठेवता येईल. एक हजार हेक्टर म्हणजे दहा चौरस किलोमीटर, आजच्या १,२२२ चौरस किलोमीटरच्या अभयारण्याचा शंभरावा हिस्साही नाही. पण ही जमीन प्लॉटच्या भोवती सलग असेल, तर नुसत्या कागदी हद्दीने आजवर जे साधलं नाही त्याहून अधिक तिथे साधेल. मेंढपाळांना विणीच्या काळात दुसरीकडे चारा देणं, कुत्र्यांचं निर्बीजीकरण करणं हे त्याच खर्चात बसतं.

घाई अशासाठी की हेच गायरान आणि हेच मुरमाड माळ सौर प्रकल्पांसाठीही सर्वांत सोयीचे समजले जातात. सपाट, मोकळे, सरकारी नोंदीत पडीक. नान्नजच्या आसपासचे कुठले गट नंबर यातून वगळायचे, हे वनखातं, महावितरण आणि जिल्हाधिकारी कार्यालय यांना एकत्र बसून ठरवता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवी अधिसूचना लागत नाही. गावनकाशा, नर जिथे हुंकारायचे ते उंचवटे माहीत असलेले तिथले जुने वनमजूर, आणि ज्यांची रानं मध्ये येतात ते शेतकरी, एवढे एका टेबलाभोवती आले तरी पुरे आहे. त्या वनमजुरांपैकी बरेच जण आता निवृत्तीच्या पलीकडे गेलेत, म्हणून ही बैठक पुढच्या पावसाळ्याच्या आत व्हावी.